हुलीचा माळ कुठं आहे? बेळगाव-खानापुरात नावं गोळा करत पाच दिवस

आमची आजी खानापूर तालुक्यातली. लग्न होऊन कोल्हापूरकडं आली ती आलीच, माहेरी राहायला म्हणून परत फारशी गेली नाही, पण बोलण्यात माहेर सारखं यायचं आणि त्यात सगळ्यात जास्त एक शेत, हुलीचा माळ. "दिवेलागणीनंतर हुलीच्या माळाकडं जायचं नाही" हे तिनं आम्हाला कोल्हापुरात बसून सांगायचं काय कारण होतं देव जाणे, आम्हाला आपलं वाटायचं की हुली ही कुठलीतरी केस सोडलेली बाई असणार. आजी गेल्यावर चार वर्षांनी एकदा दाजींच्या पुढ्यात हा विषय निघाला (दाजी म्हणजे बहिणीचे मिस्टर, पक्के बेळगावचे, उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे) तर ते हसायलाच लागले. "बाई कुठली रे, हुली म्हणजे वाघ. कानडीत."

म्हणजे जन्मभर मराठी बोललेल्या आमच्या आजीच्या तोंडात एक कानडी वाघ बसला होता. तिला ते माहीत होतं का हे विचारायला आता उशीर झालाय.

तेव्हापासून हा किडा डोक्यात. जुने नकाशे बघायला लागलो, गावांची नावं, टेकड्यांची नावं, ही पहिल्यांदा कागदावर कुणी लिहिली, कुणाला विचारून लिहिली. वाचता वाचता कळलं की १८३० च्या दशकात आयर्लंडचे नकाशे करताना तिथं नावांसाठी वेगळ्या वह्याच ठेवल्या होत्या, जॉन ओ'डोनोव्हन नावाचा आयरिश भाषेचा जाणकार माणूस गावोगाव पायी हिंडून म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून नाव कानानं ऐकायचा आणि मगच लिहायचा. वहीत कॉलम असायचे: नाव, वेगवेगळ्या कागदांवरची स्पेलिंगं, कुणी सांगितलं, कुठं आहे, काय आहे. मला ते इतकं आवडलं की मी दोनशे पानी वही घेऊन तेच पाच कॉलम आखले, ऑक्टोबरातले पाच दिवस काढले, दाजींना पटवलं, आणि निघालो.

दिवस पहिला : कोल्हापूर ते बेळगाव

हायवेनं काही विशेष नाही. निपाणीला चहा, संकेश्वरच्या अलीकडं मिरच्यांची पोती भरलेला टेम्पो समोर आणि त्याच्या मागं आम्ही सगळे शिंकत. दुपारी दोनला बहिणीकडं जेवायला, अख्खा मसूर, भाकरी, बेळगावी बासमतीचा भात.

बेळगावला पोचलं की नावाचा प्रश्न सुरूच होतो. मराठीत बेळगाव, इंग्रजांच्या कागदात बेलगाम, १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी बेळगावी (त्या दिवशी कर्नाटकातल्या एकूण १२ शहरांची नावं बदलली), आणि जुन्या शिलालेखांत वेणुग्राम, म्हणजे बांबूचं गाव. दाजींच्या वर्कशॉपच्या एका लेटरहेडवर एक स्पेलिंग, जीएसटीच्या कागदावर दुसरं. त्यांना काही वाटत नाही त्याचं. "माल पोचतोय न्हवं?"

संध्याकाळी फरशीवर नकाशे पसरले. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी: सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नंबरांप्रमाणे बेळगाव-खानापूर भाग शीट ४८ आय मध्ये येतो, त्याचे पुढं १६ तुकडे आहेत, खानापूर ४८ आय/१०, जांबोटी ४८ आय/६. निपाणी-चिकोडी वर ४७ एल मध्ये. १:५०,००० चे हे नकाशे २०१७ पासून ऑनलाइन फुकट मिळतात. त्याच्या आधीचे इंचाला एक मैलवाले जुने नकाशेही स्कॅन केलेले सापडतात, त्यात चंदगड बेळगाव जिल्ह्यातच दिसतं कारण ते १९५६ साली कोल्हापूरला जोडलं.

नकाशा बघताना एक गोष्ट लक्षात आली ती आधीच सांगतो, पुढं सारखी लागणार आहे. इकडच्या गावाचं नाव आज आपल्यापर्यंत येतं ते तीन-चार चाळण्यांतून गाळून. पेशवाईतली आणि नंतरही कितीतरी वर्षांची गावदप्तरं मोडीत, कुळकर्ण्याच्या हातची. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इ-उ चा फरक कुणी करत नाही, गेला तो. कानडीत ए आणि ओ ला ऱ्हस्व-दीर्घ दोन-दोन रूपं आहेत, देवनागरीत एकच, तेही गेलं. मग १८४० च्या दशकानंतर मुंबई इलाख्याची जमीनमोजणी इकडं आली, इंग्रजी यादी झाली, त्यात ळ चा ल, ण चा न, ट चा त. १८७० च्या दशकात देशी नावं रोमन अक्षरांत लिहायची हंटरसाहेबाची पद्धत आली तेव्हा निदान एका अक्षराला एकच रोमन अक्षर असं काही ठरलं, पण जी नावं आधीच रुळली होती ती तशीच राहू दिली आणि ठिपके-बिंदू तर छापताना गळायचेच. आणि आता आपण मोबाईलवर ते रोमन वाचून परत देवनागरीत लिहितो! माळ चा माल होतो तो असा, कुणी मुद्दाम करत नाही.

दाजी म्हणाले, "एवढं सगळं कळलं, खरं उद्या जाणार कुठं ते सांग." (बेळगावात 'खरं' म्हणजे 'पण'. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं हा माणूस सारखं शपथेवर बोलतोय.) रात्री कुंदा खाल्ला. बॉक्समधला नाही, दुकानात कढईतला गरम असतो तो मागून घ्या.

दिवस दुसरा : कंग्राळी, उचगाव, बेकिनकेरे, कुद्रेमनी

सकाळी टू-व्हीलरवरून पश्चिमेला. थंडी नाही, धुकं होतं, भात पिवळं व्हायला लागलेलं आणि सगळीकडं तो ओल्या गवताचा वास.

पहिला धडा कंग्राळीत. दोन कंग्राळी आहेत, बुद्रुक आणि खुर्द, म्हणजे मोठी आणि धाकटी, आपल्याकडं सगळीकडं असतात तशा. पण टपरीवर विचारलं "कंग्राळी बुद्रुक हेच का?" तर पोरगा बघतच राहिला. "बीके काय?" सरकारी यादीत बुद्रुक लिहायला जागा नको म्हणून इंग्रजीत बीके, खुर्दचं केएच, आणि आता तेच गावाचं नाव. कानडी पाटीवरसुद्धा बी.के. असं अक्षरांत लिहिलेलं. कारकुनानं वाचवलेल्या चार अक्षरांतून गावाचं नवं नाव जन्माला आलं, आणि गंमत म्हणजे कानडीत याच कामाला हिरे आणि चिक्क आहेत, हायवेवरचं हिरेबागेवाडी मोठं आणि बैलहोंगलकडं चिक्कबागेवाडी धाकटं. तिथं कानडी हिरेच्या मागं मराठी वाडी लागलीय. वहीत पहिल्याच दिवशी दुसरा कॉलम पुरेना.

उचगावात मळेकरणी देवीचं दर्शन घेऊन पुढं बेकिनकेरे. पूर्ण मराठी गाव. नाव कानडी. बेक्कु म्हणजे मांजर, बेक्किन म्हणजे मांजराचं, इथपर्यंत दाजींनी सांगितलं. आता केरे. कानडीत केरे (पहिला ए ऱ्हस्व) म्हणजे तळं, आणि केरी (ए दीर्घ) म्हणजे गल्ली. मराठीत लिहिताना दोन्हीकडं एकच मात्रा. म्हणजे मांजराचं तळं की मांजराची गल्ली? पारावर पाच माणसं बसलेली, त्यांच्यात टाकून दिला प्रश्न, आणि पुढचा पाऊण तास आम्हाला बोलायचं कामच पडलं नाही. एकजण तळं म्हणून हटूनच बसला. दुसऱ्याचं म्हणणं मांजरबिंजर काही नाही, कुठल्यातरी माणसाचं नाव असणार, मांजराच्या नावानं कोण गाव वसवतंय. एक आजोबा सगळं ऐकून शेवटी म्हणाले, "आमी आपलं बेकिनकेरेचं म्हणून सांगतो, लोकास्नी कळतंय." पाचव्या कॉलमात तिन्ही लिहिलं.

तिथून कुद्रेमनी, अगदी हद्दीवर, पलीकडं चंदगड तालुका. हे गाव मराठी साहित्य संमेलन भरवतं. या पट्ट्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी अशी बरीच गावं दरवर्षी स्वतःच्या हिमतीवर संमेलनं भरवतात, सीमाभागातली ही फार मोठी गोष्ट आहे. तर अशा या कुद्रेमनीचं नाव सरळ कानडीत फोडलं तर कुद्री म्हणजे घोडा, मनी म्हणजे घर. एका निवृत्त गुरुजींच्या ओट्यावर बसलो होतो, जरा घाबरतच हे बोललो, कारण इकडं नावावरून बोलणं म्हणजे कधी कुठं जाईल सांगता येत नाही, पाट्यांवरून काय काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. गुरुजी शांतपणे म्हणाले, "घोड्याचं घर. बरं मग? मराठी माणसानं घोडा पाळू नये काय?" आणि आतून चिरमुऱ्याचा चिवडा मागवला.

मग त्यांनीच सांगितलं की नावाचा अर्थ विचारत हिंडू नकोस, लोक अर्थ तयार करून देतात, तू आपला उच्चार लिहून घे. दोन दिवस झाले या वाक्याला आणि मला पटत चाललंय.

(टीप: नुसतं "या टेकडीला काय म्हणतात" असं विचारलं की उत्तर येतं "टेकडीच म्हणतात". त्यापेक्षा "गुरं कुठं नेता", "काल लाकडं कुठनं आणली" असं विचारा, नावं आपोआप पडतात. आणि बायकांना विचारा, पाणवठ्याची आणि पाऊलवाटेची नावं पुरुषांना अर्धीसुद्धा येत नाहीत.)

दिवस तिसरा : दोन हलगे, एक ओळंबा, आणि हलशी

आदल्या रात्री दाजींच्या ओळखीच्या एकानं फोनवर सांगितलं, हलग्यात एक म्हातारबा आहेत, तरुणपणी सर्व्हेवाल्यांबरोबर खलाशी म्हणून हिंडलेत, त्यांना भेटा. खलाशी म्हणजे समुद्रावरचे नव्हेत. मोजणीच्या तुकडीत सामान वाहणारे, झेंडा धरणारे, झाडी तोडून वाट करणारे जे गडी असतात त्यांना खलाशीच म्हणतात.

फोनवर हलगा टाकलं, गेलो. हायवेला सुवर्णसौधच्या (कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत) शेजारचं हलगा. तासभर विचारत फिरलो, असा कुणी माणूसच नाही. शेवटी परत फोन केला तर तो ओरडलाच, "अरे ते हलगा न्हवं, खानापूरचं हलगा!" एकाच जिल्ह्यात दोन हलगा, नकाशावर स्पेलिंग सेम. नावं गोळा करायला निघालेले दोन शहाणे नावानंच फसले आणि उलट्या दिशेला जाऊन बसले. दाजी पुढं खानापूर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. खानापुरात मिसळ खाल्ल्यावर बोलले, आणि जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

(टीप: गावाबरोबर तालुका विचारा. कायम.)

म्हातारबा वय ऐंशीच्या पुढं, अंगणात सुपारी कातरत बसलेले. सत्तरच्या दशकात तीन हंगाम तुकडीबरोबर होते म्हणाले. विमानातून काढलेले फोटो घेऊन साहेब हिंडायचा, फोटोत दिसतंय ते घर, ती विहीर, तो नाला जागेवर आहे का बघायचा आणि नाव टिपायचा. साहेब बंगालकडचा. "त्यास्नी ळ यायचाच न्हाई. तळ्याला तला, माळाला माल. आमी हसायचो, मग ते बी हसायचे."

मी विचारलं, एका जागेला तिघांनी तीन नावं सांगितली तर?

"तर पाटील सांगतील ते."

आणि पाटलांना माहीत नसलं तर? म्हातारबा कातरायचे थांबले. "पाटलाचा वाडा गावाच्या वरल्या अंगाला. खालच्या शिवारातली नावं त्यांला कुठली ठाऊक, तिकडं आमची माणसं राबायची. खरं आमाला कोण विचारणार, आमी तिपाई धरून हुभे." ते हे तक्रार म्हणून सांगत नव्हते, हवापाणी सांगावं तसं सांगत होते. मी तिसरा कॉलम, 'कुणी सांगितलं', हा आत्तापर्यंत निव्वळ शिस्त म्हणून भरत होतो. त्या दुपारी कळलं की वहीतला तोच कॉलम महत्त्वाचा आहे, बाकी चार त्याच्यामागनं येतात.

जाताना त्यांनी नातवाला हाक मारून एक वस्तू मागवली. पितळी ओळंबा, मुठीत मावेल एवढा, टोक झिजून बोथट झालेलं, वरच्या भोकात नायलॉनची नवी निळी दोरी. साहेबानं जाताना दिलेला. नातू गवंडीकाम करतो, रोज कामावर तोच वापरतो. हातात घेतला तर कोमट होता, तो पोरगा नुकताच भिंतीवरून उतरून आला होता.

तिथून हलशीला पोचायला चार वाजले. भूवराह-नरसिंहाचं देऊळ, कदंबांच्या काळातलं, दगड असा गार की चप्पल काढल्यावर बरं वाटलं. देवळाबद्दल बाकीचे खूप लिहितात, मी नावाबद्दल लिहितो. शिलालेखांत या गावाचं नाव पलाशिका, पलसिगे. इथून कारभार चालणाऱ्या प्रांताला पलसिगे बारा हजार म्हणायचे. मग पलसिगेचं हलशी कसं झालं? तिथं धारवाडहून आलेला कानडी एमए करणारा एक मुलगा शिलालेखाचे फोटो काढत होता, त्यानं मोडक्यातोडक्या मराठी-हिंदीत समजावलं. जुन्या कानडीतल्या शब्दांच्या सुरुवातीचा प पुढं ह झाला. दूध पालु होतं ते हालु झालं. फूल पू होतं ते हू झालं. तमिळमध्ये प तसाच राहिला. तो बोटांवर मोजत सांगत होता, आणि चौथं बोट धरून म्हणाला, "पुलि, हुलि. टायगर."

मी दाजींकडं बघितलं. म्हणजे आजीच्या माळावरचा वाघ एकेकाळी पुली होता. त्या मुलाला हुलीच्या माळाची गोष्ट सांगितली तर त्यानं माझ्या वहीतून उतरवून घेतलं, आणि तिसऱ्या कॉलमात काय लिहू विचारलं. म्हटलं, माझी आजी लिही.

दिवस चौथा : जांबोटी, कणकुंबी

परतीचा पाऊस गेला म्हणून सगळे सांगत होते. जांबोटी सोडली आणि धरला. साधा नाही, घाटावरचा आडवा, रेनकोटच्या बाहीतून आत शिरून कोपरातून बाहेर येणारा. दोन तास एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभे, समोर रस्ता दिसत नाही, एक कुत्रं आमच्या पायांमध्ये येऊन बसलेलं. दाजी म्हणाले, "आजीनं माळावर जाऊ नको म्हणून सांगितलं होतं, हितंबी जाऊ नको म्हणून सांगायला पायजे होतं."

कणकुंबीत एका घरी भिजून शिरलो, ओळख ना पाळख. त्या घरातल्या मावशींनी आधी चुलीपाशी बसवलं, मग नाव विचारलं. नाचणीची भाकरी, उकडलेल्या चवळीची आमटी, वर भाजलेली सुकी मिरची. आयुष्यात खाल्लेल्या जेवणांत पहिल्या तिनात.

मलप्रभा नदी इथं उगम पावते, पुढं खानापूर-सौंदत्तीवरून जाऊन कृष्णेला मिळते. मी मावशींना विचारलं, मलप्रभेला तुमच्यात काय म्हणतात? त्या म्हणाल्या, "न्हंय." म्हणजे नदी. नाव काय पण? "न्हंयच. दुसरी कुठली हाय हितं?"

बरोबरच आहे. जिच्या काठावर राहायचं ती नुसती नदी, नाव लागतं ते लांबच्या माणसाला, कागदावरच्या माणसाला. इकडच्याच भीमगडच्या जंगलातून निघणाऱ्या दुसऱ्या नदीचं बघा, कर्नाटकाच्या कागदात महादायी, गोव्यात वरच्या अंगाला म्हादई, तीच खाली पणजीजवळ मांडवी. पाणी एकच. वर्तमानपत्रात पाण्याचं भांडण वाचताना मला कितीतरी वर्षं म्हादई आणि मांडवी या दोन नद्या वाटायच्या, लाज वाटते सांगायला.

मावशींनी मग भात लावायच्या चार वाफ्यांची नावं सांगितली, एका दमात, बोटानं अंधारात दाखवत, जसं काही मला दिसतंय. चौथ्याचं नाव सांगताना हसल्या, काही केल्या सांगेनात, सून आतून म्हणाली ते नका लिहू. नाही लिहिलं.

(टीपा: जांबोटीच्या पुढं रेंजचा भरवसा नाही, नकाशा आधी फोनवर उतरवून घ्या. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, आत जायला वनखात्याची परवानगी काढा, बारापेडे गुहा बघू म्हणून तसेच घुसू नका. बसनं येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, बसच्या पाट्या कानडीत असतात, कंडक्टरला विचारलं की मराठीत सांगतात, लाजू नका. आणि वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. माझी दुसऱ्या दिवसाची पानं निळी झाली.)

दिवस पाचवा : आजीचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही, चुलतमामांची जमिनीची केस चालू आहे.

मामा घरीच होते. चहा झाल्यावर कागदांची पिशवी निघाली, आरटीसीचे उतारे. इकडं सातबाऱ्याच्या जागी आरटीसी किंवा पहाणी म्हणतात. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, एकर, गुंठे, मालक, पीक, सगळं आहे. शेताचं नाव हा रकानाच नाही. पूर्वी साखळी तेहतीस फुटांची असायची, सोळा आण्यांची, त्या एका साखळीच्या चौरसाला गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, ते गणित दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी बसवलं ते अजून चाललंय. तेवढ्या काळात शेतांची नावं मात्र कुणी कागदावर घेतली नाहीत, ती तोंडातच राहिली. मामांना विचारलं, हुलीचा माळ कुठला? त्यांनी डोकं खाजवलं. "अक्का म्हणायची खरी. वरल्या अंगाचं कायतरी. आता तिकडं काजू लावलाय सगळ्यांनी."

काल-परवाच्या अनुभवानं शहाणे झालो होतो, मामींना विचारलं. मामी भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या, म्हसोबाच्या दगडाच्या पुढं, चढ संपतो तिथं. आईंनी (म्हणजे त्यांच्या सासूनं) दाखवलेलं.

गेलो. ऊन कडक, कालच्या पावसाचा मागमूस नाही, लाल माती नुसती वाफाळलेली. म्हसोबाचा दगड सापडला, शेंदूर ताजा. चढ संपला तिथं काजूची झाडं, कुंपण, आणि मध्ये मोबाईलचा टॉवर, त्याच्या जनरेटरची घरघर. वाघाला घाबरायची जागा ती. दाजींनी टॉवरकडं बघून फोन काढला, म्हणाले, फुल्ल रेंज.

एक पोरगा म्हशी घेऊन आला, बारा-तेरा वर्षांचा, दसऱ्याच्या सुट्टीतला. त्याला विचारलं, म्हशी कुठं चारतोस?

"हितंच. टावरच्या माळाला."

हुलीचा माळ म्हणून कधी ऐकलंयस? नाही म्हणाला. मग थोडा विचार करून, "ती तिकडं बघा, ती हुलीची वगळ. पावसात पाणी येतंय तिला." माळाच्या खालच्या अंगाला एक ओहोळ होता, घाणेरीच्या झुडपात बुजलेला, नकाशावर नुसती तुटक निळी रेघ. माळाचं नाव गेलं होतं ते तिथं खाली जाऊन बसलं होतं.

फोनवर ओपनस्ट्रीटमॅप उघडला (तिथं आपल्याला स्वतः नावं टाकता येतात, मराठी नाव वेगळं, कानडी वेगळं, दुसरं नाव, जुनं नाव, असे स्वतंत्र रकाने आहेत, ज्यांना आवड आहे त्यांनी जरूर करा, फक्त जागेवर जाऊन ऐकलेलंच टाका, कुठल्या नकाशावरून उतरवू नका). पण आधी वही. झाडाखाली बसून लिहिलं. टॉवरचा माळ. दुसऱ्या कॉलमात, हुलीचा माळ. त्याखालच्या ओळीत हुलीची वगळ. तिसऱ्या कॉलमात पहिल्यासाठी आजी आणि मामी लिहिलं, आणि वगळीपुढं त्या पोराचं नाव विचारलं.

तो वाकून बघत होता. मी एक अक्षर लिहिलं तोच म्हणाला, "असं न्हाई," आणि वही-पेन माझ्या हातातून घेतलं. मांडीवर ठेवून, जीभ दाताखाली धरून, सावकाश, गोल गोल अक्षरांत लिहिलं, कानडीत, आडनावासकट. दाजींनी मला वाचून दाखवलं. मग तो म्हशींच्या मागं पळाला, एक काजूच्या कुंपणात घुसली होती.